मागच्या रेषा

मेल उघडला तेव्हा माझ्या तोंडात पेढा होता. पेढा माझ्याच बढतीचा. एप्रिल दोन हजार चारमधला मंगळवार, सकाळचे साडेदहा, गणित विभागात मी रीडर झाल्याचं पत्र आदल्या दिवशी हातात पडलेलं, आणि सहकाऱ्यांनी एकामागून एक भरवल्यामुळं दोन्ही गाल फुगलेले. हेन्रिकचं नाव दिसलं म्हणून मी तसाच खुर्चीत बसलो. हेन्रिक डेन्मार्कचा. त्रिमितीय आलेख काढणारा 'रिलीफ' नावाचा एक प्रोग्रॅम आहे, जगभरातले हौशी लोक तो फुकट लिहितात आणि फुकट वाटतात, त्याचा हा सांभाळकर्ता. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. पण माझं जे काही बरं झालं त्याच्या मुळाशी त्याचं एक 'थँक्स श्रीपाल' आहे. आज थँक्स नव्हतं. त्यानं लिहिलं होतं, आपल्या चर्चेत लिहिणाऱ्या प्रसेनजीत शिंगेनं आमच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नोकरीसाठी अर्ज केला आहे. त्याचं म्हणणं असं की मागच्या रेषा लपवणारा अठ्ठ्याण्णव सालचा भाग त्यानं लिहिला. तेव्हा त्याच्याकडं इंटरनेट नव्हतं, म्हणून तो तुझ्या हातून आला. आमच्या लिहिणाऱ्यांच्या यादीत नाव फक्त तुझं आहे, आणि साक्षीदार म्हणून त्यानंही फक्त तुझंच नाव दिलं आहे. समिती शुक्रवारी दुपारी बसेल. तुझी एक ओळ पुरे. आणि खाली, गंमत म्हणून जोडल्यासारखं: तो म्हणतो, तू मुंगीलाही मारत नाहीस. पेढा गिळवेना आणि थुंकताही येईना. समोर चार माणसं हसत उभी होती. मी पाणी मागितलं.

दिवसभर जिभेवर वेलदोड्याची चव राहिली. तास घेतले, सह्या केल्या, स्कूटरवरून राजारामपुरीतल्या घरी आलो, आणि तेवढा सगळा वेळ मला तो आवाज ऐकू येत होता. प्रसेनजीतचा आवाज मोठा होता. इचलकरंजीजवळच्या कबनूरच्या माणसांचे असतातच. दोन्ही बाजूंना यंत्रमाग धडधडत असताना बोलायची सवय, त्यामुळं शांत खोलीतसुद्धा ही माणसं माग चालू आहे असं धरून बोलतात. त्याचे वडील यल्लाप्पा मागावर, तो स्वतः शनिवार-रविवार मागावर, आणि उरलेले पाच दिवस आमच्याकडं एमएस्सीला. सत्त्याण्णव साली माझ्या पहिल्याच तासाला त्यानं मागच्या बाकावरून विचारलं होतं, "सर, फळ्यावर डोंगर काढलासा, पर त्येच्या पाठीमागं काय हाय ते कसं कळायचं?" वर्ग हसला. मीही हसलो. तो मात्र वही उघडून उत्तराची वाट बघत राहिला. माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून मी त्याला सांगितलं, संध्याकाळी घरी ये, एक प्रोग्रॅम दाखवतो. चूक असेल तर ही माझी पहिली. हुशार पोराला घरी बोलवावं पण आपल्याला आधी उत्तर माहीत असावं.

माझ्याकडं तेव्हा जे होतं ते विभागात दुसऱ्या कुणाकडं नव्हतं. वडिलांनी इचलकरंजीतले माग विकून कोल्हापुरात घर बांधलं, त्याच्या वरच्या मजल्यावर मला एक खोली दिली, बाहेरून जिना असलेली, आणि त्या खोलीत कॉम्प्युटर, मोडेम आणि टेलिफोन. पुण्याचा नंबर लावायचा, मोडेम मांजरासारखं भांडायचं, आणि मग काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं येऊन डेन्मार्क घरात यायचं. प्रसेनजीत कॉलेज सुटल्यावर लायब्ररीत बसायचा, दिवेलागणीला जिना चढून वर यायचा आणि शेवटची सोयीची एसटी गाठायला आठाच्या आत उतरायचा. आमचं जेवण तोवर उरकलेलं असायचं. आम्ही जैन, सूर्यास्तानंतर खात नाही. हा नियम फार सोयीचा आहे हे मला त्या काळात समजलं. जवळजवळ दोन वर्षं, आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी हा पोरगा माझ्या घरी आला, आणि आमच्यात तो कधी का जेवला नाही याचं कारण कुणालाच शोधावं लागलं नाही. दिवसच मावळलेला असायचा. कुणी कुणाला नको म्हटलं नाही, कुणाची जात काढली नाही. सापही मेला आणि काठीही मोडली नाही. एकदा त्यानं विचारलंसुद्धा, "सर, तुमच्यात दिवस बुडाल्यावर जेवत न्हाईत ते कशापायी?" मी सांगितलं, दिव्यावर किडे येतात, अन्नात पडून मरतात, आपल्या हातून जीव जायला नको. "चांगलं हाय की," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. सहा वर्षं ते त्यानं जपून ठेवलं आणि हेन्रिकला कळवलं.

बुधवारी मी उत्तर लिहिलं नाही. बुधवारी मी जुनी वही काढली, कळंब्याची. त्या प्रोग्रॅमचं काम सांगायला सोपं आहे: जमिनीवरचा एकेक बिंदू किती पूर्वेला, किती उत्तरेला आणि किती उंच, असे तीन आकडे द्यायचे, आणि तो त्यावर जाळं पसरून डोंगर किंवा खड्डा उभा करतो. अडचण एकच होती. जाळं आरपार दिसायचं. पुढच्या चढावरून मागच्या उताराच्या रेषाही दिसायच्या आणि सगळा गुंता व्हायचा. बाहेरच्या लोकांनी त्यावर जो उपाय केला होता तो इतका जड होता की माझ्या मशीनवर एक टेकडी उभी राहायला बारा मिनिटं लागायची. आम्हाला आमचे स्वतःचे आकडे हवे होते, म्हणून अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात, पाणी खाली गेल्यावर, दोन रविवार आम्ही कळंब्याचा तलाव मोजला. आम्ही म्हणजे त्यानं. मागावर खाडा करून तो आला, ट्रकच्या ट्यूबवर बसून पाण्यात गेला, गाठी मारलेल्या दोराला दगड बांधून तो सोडायचा आणि आकडा ओरडायचा. मी काठावर छत्री धरून वहीत लिहायचो. जवळच्या कळंबा जेलमधली ड्यूटी संपवून निघालेला एक शिपाई सायकल थांबवून म्हणाला, "काय पावणं, काय चाललंय?" मी म्हटलं, मी प्राध्यापक आहे, तलावाची खोली मोजतोय. "आन् पान्यातला कोन?" मी म्हटलं, तो माझा माणूस. पाण्यातून प्रसेनजीत ओरडला, "सर, अकरा फूट!" आणि मी अकरा लिहिले. वहीचं ते पान अजून आहे. अक्षर सुंदर आहे, माझं आहे, आणि हेच मी स्वतःला पुढं अनेकदा पुरावा म्हणून दाखवलं.

डिसेंबर आला. सहालाच अंधार पडायचा. त्या संध्याकाळी तो चटईवर बसला होता, कारण खोलीत खुर्ची एकच होती. तो एकदम त्या मोठ्या आवाजात म्हणाला, "सर, ह्ये लोक उलटं करत्यात. समदं काढत्यात आन् मग झाकत बसत्यात. आपुन फुडचं आदी काढू या." मी म्हटलं, म्हणजे? "गावच्या उरसात कुस्त्या असत्यात. आमी कायम मागं हुभं. फुडच्या मानसाच्या टकुऱ्यावरनं जेवढं दिसंल तेवढंच दिसतंय की. त्येच्या फुडं कोन दोन बोटं उंच असला तर तेवढा दोन बोटंच दिसनार. मग बाकीचं कशाला मोजायचं? आतापत्तुर सगळ्यात उंच काय आलंय, तेवढं ध्यानात ठेवायचं. त्येच्या वर आलं तर काढायचं, न्हाय तर सोडून द्यायचं." मी लहानपणी वडिलांबरोबर खासबागेत कुस्त्या बघितल्या आहेत. खासबागेचं मैदान वाटीसारखं आहे, कुठंही बसलं तरी आखाडा दिसतो; तिथं बसलेल्या माणसाला पुढच्याचं डोकं कसं आडवं येतं ते समजण्याचं कारण नाही. मी सहा महिने ज्याच्यावर त्रिकोणमिती खरडत होतो ते या पोराला गर्दीत टाचा उंच करून कळलेलं होतं. मी खुर्ची सोडली, तो खुर्चीवर बसला. दोन्ही हातांची सगळी बोटं चालवत तो टाइप करायचा, चार आण्यांच्या टायपिंग क्लासात शिकल्यासारखं, न बघता. पाऊण तास गेला. मग त्यानं कळंब्याचे आकडे दिले, आणि नऊ सेकंदांत तलाव पडद्यावर आला: स्वच्छ, कोरडा, अलीकडच्या काठानं पलीकडचा तळ जिथं जसा झाकायला हवा तिथं तसा झाकून. तो हसला. मला त्याचा हेवा वाटला. हे मी सरळ लिहितो, कारण बाकी सगळ्याला मी दुसरी नावं देऊन पाहिली आहेत. मी गच्चीवर गेलो.

गच्चीवर, बाहेरचा जिना संपतो तिथंच, कठड्याजवळ स्टुलावर एक झाकलेलं ताट होतं. ते मीच तिथं ठेवलेलं. आईला आम्ही अव्वा म्हणतो. त्या दिवशी साडेपाचला मला वाढताना अव्वा म्हणाली होती, "त्या लेकराला ह्या दशम्या ने वर. लांबनं येतंय, घरी जाईस्तवर नऊ वाजत्यात. नेम आपला हाय, त्येला कशाला उपाशी मारायचं?" एवढं साधं. दीड वर्ष मी ज्या सूर्याच्या आड उभा होतो तो तिनं एका वाक्यात बाजूला केला. मी ताट वर आणलं, खोलीत नेणारच होतो, पण आधी त्याचं म्हणणं ऐकायचं होतं, मग तो टाइप करायला बसला, मग तलाव आला. आता मी झाकण काढलं. दुधात मळलेल्या तीन दशम्या आणि हिरव्या मिरचीचा खर्डा. मला भूक नव्हती. मी अंधारात उभा राहून पहिली दशमी खाल्ली, मग दुसरी, मग तिसरी, खर्डा बोटानं निपटून. जन्मात पहिल्यांदा मी दिवस मावळल्यावर खाल्लं. चाळीस वर्षांचा नेम मी मोडला, तो कुठल्या मोहापायी नाही. ते अन्न त्या पोराच्या पोटात जाऊ नये एवढ्यासाठी. चावताना खिडकीतून तो दिसत होता, पाठमोरा, पडद्यावरचा तलाव इकडून तिकडून फिरवून बघत. नळाखाली ताट विसळून मी आत आलो आणि त्याच्या शेजारी उभा राहिलो, आणि नकळत डोळा चोळला. डोळा पेटला. मी मटकन चटईवर बसलो तसा तो धावत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आला. माझ्या डोळ्यावर पाण्याचे हबके मारत म्हणाला, "खर्ड्याचा हात डोळ्याला लावू नये सर." मग थोडा थांबला. त्याला वास आला होता. दिवस मावळून तास झाला होता, हेही त्याला माहीत होतं. त्यानं तांब्या जागेवर ठेवला. सकाळी अव्वानं विचारलं, "खाल्ल्या का त्यानं?" मी म्हटलं, खाल्ल्या. "काय म्हणाला?" मी म्हटलं, आवडल्या. पुन्हा कधी तिनं विषय काढला तर मी सांगायचो की तो हल्ली बाहेरूनच खाऊन येतो.

दुसऱ्या दिवशी ती एकशेचाळीस ओळींची फाइल मी हेन्रिकला पाठवली. सोबतच्या पत्रात आधी त्याचं नाव लिहिलं होतं. वाचून बघितलं, आणि ते काढून 'आम्ही' लिहिलं. पुन्हा वाचलं आणि 'मी' लिहिलं. प्रत्येक वेळी वाक्य थोडं आखूड आणि चांगलं झालं. आठवड्यानं उत्तर आलं, थँक्स श्रीपाल, हे अप्रतिम आहे, आणि प्रोग्रॅमबरोबर जगभर जाणाऱ्या यादीत माझं नाव चढलं. प्रसेनजीत माझ्या खांद्यामागून वाचत होता. "सर, तुमचं नाव आलं की," तो म्हणाला. मी म्हटलं, पाठवणाऱ्याचं येतं, तशी पद्धत आहे, पुढच्या वेळी तुझं घालू. "असू दे की सर. चालतंय न्हवं आता? बास झालं." त्यानं येताना भडंगाचा पुडा आणला होता, आनंद झाला म्हणून. मी खाणार नव्हतो, दिवस मावळला होता. तो पुडा न उघडताच परत घेऊन गेला, एसटीत खाल्ला असेल. त्यानं भांडण केलं असतं तर मी त्याचं नाव घातलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. घातलं नसतं. पण त्यानं भांडण केलं नाही याचाच राग मला जास्त दिवस पुरला. त्या एकशेचाळीस ओळींवर मी एक निबंध लिहिला, निबंधावर पीएचडी, आणि पीएचडीवर हे पेढे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा ऐटीत बसतो आणि बिळाची डागडुजीही करतो: ओळींमधल्या टिपा मी लिहिल्या, इंग्रजी सुधारलं, मोकळ्या जागा नीट केल्या. सांगलीच्या एका चर्चासत्रात मी तासभर बोललो की मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मालकी नसते, ज्ञान नदीसारखं सगळ्यांचं असतं. टाळ्या पडल्या. दोन हजार साली प्रसेनजीतनं संशोधनाच्या एका जागेसाठी माझ्याकडं शिफारसपत्र मागितलं. मी लिहिलं, हुशार आहे, सातत्य कमी आहे. पाकीट बंद करून त्याच्या हातात दिलं. तो माझ्या पाया पडू लागला, मी पडू दिलं नाही. एरवी तो कुणाच्याच पाया पडत नसे, आपण माणसाला मानत असतो तर वाकायचं कशाला, असं त्यानंच मला एकदा सांगितलं होतं. त्या दिवशी त्याला वाकावंसं वाटलं, इतकी त्याची गरज होती. ती जागा त्याला मिळाली नाही. कबनूरला परत जाऊन तो मुलांना कॉम्प्युटर शिकवू लागला.

गुरुवारी माझं उत्तर अडलं ते एका इंग्रजी 'हाय'मुळं. वर्षभरापूर्वी इचलकरंजीत गल्लोगल्ली नेट कॅफे झाले आणि प्रसेनजीत 'रिलीफ'च्या चर्चेत स्वतःच्या नावानं लिहू लागला. चुका शोधायचा, दुरुस्त करून पाठवायचा, आणि हेन्रिकनं त्याचे आभार मानलेले मी वाचायचो. त्या चर्चेत सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात, मंत्री असो की कारकून. एकदा माझ्या एका चुकीवर त्यानं लिहिलं, 'हाय श्रीपाल, मला वाटतं सहाव्या ओळीत गडबड आहे.' समोर असता तर त्यानं सर म्हटलं असतं, तीनदा म्हटलं असतं. तिथली रीत म्हणून त्यानं तसं लिहिलं, हे मला कळत होतं. गडबड होतीच. पण ते दोन शब्द माझ्या अंगावर पाल पडावी तसे पडले आणि वर्षभर तिथंच राहिले. गुरुवारी दुपारी मी हेन्रिकला लिहिलं, होय, ते त्याचंच आहे, सगळं. सात शब्दांचं इंग्रजी वाक्य झालं. ते मी पाठवलं नाही, बाजूला ठेवलं, आणि खाली जाऊन चहा घेतला. कॅन्टीनमध्ये बसून मी विचार केला की पाठवलं तर काय होईल. माझी नोकरी जाणार नव्हती. पीएचडी कोण कशाला उकरतंय, फार तर चार लोक कुजबुजले असते. माझं काही म्हणजे काही बिघडत नव्हतं. हे लक्षात आल्यावर मला भीती वाटायची थांबली, आणि भीती गेल्यावर खाली जे उरलं ते मला स्पष्ट दिसलं: तो जायला नको होता. डेन्मार्कला जाऊन, बर्फात कोट घालून, हेन्रिकच्या शेजारच्या टेबलाशी बसून, माझ्याबद्दल आदरानं बोलायला नको होता. तो कबनूरलाच हवा होता. माझं इतकंच मागणं होतं.

शुक्रवारी सकाळी नऊला मी ती सात शब्दांची ओळ पुसली. नवीन ओळ जुळवायला वेळ लागला, कारण मला खोटं बोलायचं नव्हतं. आमच्यात ते पाप आहे, आणि मी आता दिवस मावळल्यावर पाणीही पीत नाही. मी लिहिलं: श्री. शिंगे हे माझे प्रामाणिक विद्यार्थी होते. त्या कामात टायपिंगसाठी मला त्यांची मदत झाली. दोनदा वाचलं. एकही शब्द खोटा नव्हता. टायपिंग त्यानंच केलं होतं, आणि किती सुंदर केलं होतं. मी बटण दाबलं. मला वाटलं होतं छातीत काहीतरी होईल, पण फक्त हलकं वाटलं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. साडेनऊला माझा तास होता. मी चांगला शिकवला.

तीन आठवड्यांनी, मे महिन्यात, सव्वासहाला, अजून लख्ख ऊन असताना, कुणीतरी बाहेरचा जिना न चढता सरळ पुढच्या दाराची कडी वाजवली. मीच उघडलं. प्रसेनजीत होता. कानशिलावर केस पांढरे झाले होते, इस्त्रीचा शर्ट, हातात दुमडलेला कागद. मी त्याला आत बोलवायच्या ऐवजी स्वतःच उंबऱ्यात उभा राहिलो. "सर," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मी त्याचा आवाज इतका हळू ऐकला. "तिकडली जागा न्हाय मिळाली. हेन्रिकनं तुमचं उत्तर पाठवून दिलं मला. म्हटलं, तुमालाबी दाखवावं." त्यानं कागद माझ्या हातात दिला. उघडायची गरज नव्हती. मी उघडला नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधला, आणि तो असता तर मला सोपं गेलं असतं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या माणसाला समोरच्यानं दोन शिव्या दिलेल्या बऱ्या. तो नुसता माझ्याकडं बघत होता, मागच्या बाकावरून बघायचा तसा, वही उघडून. "मला एवढंच इचारायचं हुतं," तो म्हणाला, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून अव्वा बाहेर आली.

अव्वा आता सत्तरीची, तिला एका कानानं कमी ऐकू येतं. डोळ्यांवर हात धरून तिनं बघितलं आणि ओळखलं. "कबनूरचा न्हवं का तू? वर येत हुतास त्यो? किती वर्सांनी रं. दारात का हुभा? श्रीपाल, आत घे की त्येला. पानं वाढल्यात." मी म्हटलं, तो घाईत आहे. "कसली घाई? दिस हाय अजून. बस बाळा." तिनं त्याच्या दंडाला धरून आत नेलं. राजमती मगदूमनं, म्हणजे अव्वानं, एकदा एखाद्याचा दंड धरला की माझे वडीलसुद्धा सोडवू शकत नसत. माझ्या शेजारी तिसरं ताट मांडलं गेलं. आमच्या घरात, दिवसाउजेडी, प्रसेनजीत मांडी घालून बसला, आणि मी त्याच्या शेजारी बसलो, कागद मांडीखाली घालून. घास तोंडात फिरत होता. तो आता बोलेल, या घासाला नाही तर पुढच्या घासाला. अव्वासमोर बोलेल, आणि मग अव्वा माझ्याकडं बघेल. जगात एवढ्या एकाच माणसाच्या बघण्याची मला भीती होती, हे मला तिथं पाटावर बसल्यावर कळलं. तो सावकाश जेवत होता. भाजी चांगली झाल्याचं त्यानं सांगितलं. अव्वानं तव्यावरची गरम दशमी आणून त्याच्या ताटात टाकली, वर खर्डा वाढला आणि समोर बसली.

"ह्या तुला ठावं हायत की," ती म्हणाली. "मागं एकदा थंडीत करून दिल्त्या ह्येच्याजवळ, वर पाठवलेल्या. ह्यो म्हणाला, तुला लई आवडल्या. खरं आवडलेल्या का ह्येनं आपलं माझं मन राखलं? खरं सांग आता."

प्रसेनजीतचा हात दशमीवर थांबला. तो माझ्याकडं वळला. खर्ड्याचा वास आमच्या दोघांच्या मध्ये होता. मी बघितलं, त्याला सगळं एका क्षणात जुळलं. त्याला जुळायला कधीच वेळ लागत नसे. अंधारातली गच्ची, माझा डोळा, त्यानं आणलेलं पाणी, आणि त्याच्या मागून यादीतलं माझं नाव, बंद पाकीट, मांडीखालचा कागद. पुढचं आधी, मग मागचं. त्याला जे विचारायचं होतं ते आता विचारायचं उरलं नव्हतं. तो खाली बघून काहीतरी पुटपुटला.

"काय?" अव्वा कान पुढं करून म्हणाली.

"आवडल्या हुत्या म्हटलं, काकू." आता तो मागावरच्या आवाजात बोलला. "तिन्नीच्या तिन्नी खाल्ल्या. ताट धुऊन ठेवलं हुतं."

तीन होत्या हे अव्वानं सांगितलं नव्हतं. त्यानं मोजल्या असणार, त्या संध्याकाळी, जिना चढून वर येताना, झाकण थोडं उचलून. आणि आपल्यासाठी असतील असं त्याला वाटलं असणार. अव्वा समाधानानं हसली. म्हणाली, बघ, माणूस कसं ध्यानात ठेवतंय. त्यानं ताटातली दशमी संपवली, हात धुतला, अव्वाला नमस्कार केला, माझ्याकडं न बघता चपला घातल्या आणि एसटी गाठायला गेला. त्याला एक ओळ विचारली आणि त्यानं ती दिली. कागद माझ्या मांडीखाली घामानं ओला झाला होता. अव्वा तव्यावरून आणखी एक दशमी घेऊन आली आणि म्हणाली, "तुला वाढू?" खिडकीत अजून ऊन होतं, दिवस मावळायला दहा-पंधरा मिनिटं होती. मी ताट पुढं केलं.